तयारी करून या

आमच्या घरात बोलायचं म्हणजे ओरडूनच, आणि त्यात कोणाचाच राग नसे. विंझरच्या रस्त्याला लागून आबांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या भिंतीला भिंत लावून आमचं घर. सकाळी डिझेलचं इंजिन सुरू झालं की मांडणीवरची ताटं बारीक वाजायला लागत, पातेल्यातल्या दुधावरची साय थरथरे, आणि आई आपला आवाज एकदम वर चढवून दिवसभर तिथंच ठेवायची. संध्याकाळी इंजिन बंद झालं तरी आमचे आवाज काही लगेच खाली यायचे नाहीत. ताटावर बसल्यावर आबा "मीठ दे" असं गावभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे, मग त्यांनाच कळायचं आणि ते हसायचे. आजही मी फोनवर मोठ्यानं बोलते. सून म्हणते, तुम्हाला फोनची गरजच काय? तिला काय सांगू, मी गिरणीवाल्याची लेक आहे.

घरात आम्ही चौघं. आबा, आई, मी आणि हौसाआत्या. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती गुंजवणी नदीच्या पलीकडे नांदत होती. हौसाआत्या आबांच्या पाठची. मूलबाळ होईना म्हणून सासरच्यांनी तिला माघारी पाठवली, आणि ती आली ती आमच्याचकडे राहिली. मला कळायला लागल्यापासून ती आमच्यातच होती, त्यामुळे ती कधी आली, रडली का, भांडली का, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होती ती गिरणीतली आत्या. नऊवारीचा पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचलेला, भुवया पिठानं पांढऱ्या, आणि हातात बाभळीचं एक हातभर दांडकं. धान्य अडकू नये म्हणून ते ज्यात ओततात त्या वरच्या टोपावर त्या दांडक्यानं टकटक मारत राहावं लागे. दळण बारीक की जाड हे ती आंगठा आणि बोट एकमेकांवर घासून ओळखायची. भाकरीचं वेगळं, मोदकाच्या तांदळाचं वेगळं, घावनाचं वेगळं. बोलायची फार थोडं. आई सांगे, आबा सांगत, गिऱ्हाइकं सांगत, आणि आत्या करी.

मी नववीत होते. वेल्ह्याला देवीच्या जत्रेत भोरच्या एका वस्तादांचं पथक मर्दानी खेळ करायला आलं होतं. मी आईबरोबर बांगड्या भरायला गेले होते. बांगडीवाल्याच्या हातात माझा हात तसाच राहिला आणि मान मागे वळली ती वळलीच. एक मुलगी, माझ्याच वयाची, दोन वेण्या वर बांधलेल्या, मधोमध उभी राहून तलवार फिरवत होती. तलवार दिसतच नव्हती. तिच्याभोवती नुसतं काहीतरी लकाकत होतं आणि वारा कापल्याचा आवाज येत होता. मग ती थांबली, जमिनीवर ठेवलेल्या लिंबाकडे चार पावलं चालत गेली आणि वाकून त्याचे दोन तुकडे केले. लोक ओरडले. तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि बाजूला जाऊन सगळ्यांसारखं पाणी प्यायली. ते पाणी पिणं मला जास्त लागलं. म्हणजे हे सगळं करून माणूस पुन्हा साधं पाणी पितं, तर ते मलाही जमेल, असं काहीतरी माझ्या मनानं घेतलं.

खेळ संपल्यावर आई बांगड्यांचा हिशोब करत असताना मी वस्तादांपुढं जाऊन उभी राहिले. साठीकडं झुकलेला माणूस, बारीक पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी. भोरमध्ये त्यांचं शिकलगारीचं काम होतं, कात्र्या, विळे, कोयते यांना धार लावायचं. मांडीवर तलवार घेऊन ते तेलाच्या फडक्यानं पुसत होते.

"मला शिकायचंय," मी म्हणाले. ओरडूनच म्हणाले असणार, कारण त्यांनी दचकून वर पाहिलं.

"कुनाची तू?"

"विंझरच्या गिरणीवाल्यांची."

त्यांनी माझं मनगट दोन बोटांत धरून बघितलं. बाजारात शेरडाचा पाय बघतात तसं. "ही तर गवारीची शेंग हाय. आत्ता न्हाई. भात झोडून झालं की भोरला या. रविवारी सकाळी आमी असतो. पर तयारी करून या."

"कसली तयारी?"

"रोज बैठका. पन्नासापासनं धरायचं, शंभरापतूर न्यायचं. पान्यानं भरलेला तांब्या घ्यायचा, हात सरळ म्होरं, शंभर आकडे म्हनायचे, सांडला तर पुन्यांदा एकपासनं. आन लाकडाची तलवार करून तिची सवय लावायची. लोखंडाला हात लावायचा न्हाई. घरातला कोयता घेऊन नाचलीस आन बोट गेलं, तर माज्या दारात यायचं न्हाई. समजलं?"

समजलं, असं मी म्हणाले. प्रत्यक्षात बैठका आणि तांब्या सोडून मला काहीच समजलं नव्हतं. उभं कसं राहायचं, मूठ कशी धरायची, पाय कुठं टाकायचा, हे सांगणारं विंझरला कोणी नव्हतं. आता माझी नात मोबाईलवर बोट फिरवते आणि हव्या त्या खेळाची चित्रफीत काढून दाखवते. मागे, पुढे, सावकाश, पाहिजे तशी. माझ्याकडे त्या मुलीची एका दुपारची आठवण तेवढी होती, आणि तीही रोज थोडी थोडी बदलत होती.

तलवार केली ती मोडक्या नांगराच्या रुमण्याची, म्हणजे हातात धरायच्या दांड्याची. दोन दिवस विळ्यानं तासली. खऱ्या तलवारीपेक्षा ती किती जड होती हे मला पुढं कळलं. मुठीला गिरणीच्या जुन्या पट्ट्याचं कातडं गुंडाळलं. गिरणीच्या मागे भाताच्या कोंड्याचा ढीग असायचा आणि त्याला लागून पत्र्याची एक पडवी होती. तिथं इंजिनाच्या आवाजात मी आरोळ्या ठोकल्या तरी कोणाला ऐकू येत नसे. पावसाळा लागला. आमच्याकडचा पाऊस एकदा बसला की चार महिने उठत नाही, भिंतींना शेवाळ येतं, कपडे चुलीवर वाळवावे लागतात, आणि माणसं घरात राहून राहून एकमेकांच्या पायात येतात. मला मात्र तो सोयीचा होता. पडवीकडे कोणी फिरकत नव्हतं. पहिल्या दिवशी तांब्या सतरा आकड्यांवर सांडला. दुसऱ्या दिवशी एकवीसवर. बैठकांनी मांड्या अशा भरून आल्या की शाळेत बाकावर बसताना मी म्हातारीसारखी कण्हायचे, आणि आईला वाटलं मला गारठा बाधलाय. तिनं रोज संध्याकाळी कुळथाचं कढण मिरी घालून माझ्यापुढं ठेवायला सुरुवात केली. ते इतकं चांगलं लागायचं की मी मांड्या बऱ्या झाल्यावरही काही दिवस कण्हत राहिले.

डाव मी स्वतःच रचले आणि त्यांना नावंही दिली. डोक्यावरून गोल फिरवून खाली आणायचा तो 'म्हशीचं शेपूट'. दोन्ही बाजूंना सपासप मारायचे ते 'लावणीचा पाऊस'. आणि पुढं झेप घेऊन आडवा घाव घालायचा तो 'मुंडकंतोड'. या मुंडकंतोडीनं घात केला. पडवीच्या कुडावर आईनं दुध्याचा वेल चढवला होता. एका झेपेत मी कोवळा, वीतभर दुधी देठापासून उडवला. आई संध्याकाळी तो हातात घेऊन दारात उभी राहिली.

"माज्या दुद्याचं मुंडकं कुनी उडवलं?"

"रानडुक्कर आलं आसंल," आबा भाकरी मोडत म्हणाले.

"डुक्कर देठ कापतंय व्हय? आन खाल्लं का न्हाई मग?"

मी खेकड्याच्या कालवणात मान घातली. वर बघितलं तेव्हा आत्या माझ्याकडेच पाहत होती. तिनं उठून आईच्या हातातला दुधी घेतला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे वैनी, उद्या याची भाजी करू."

त्यानंतर चार दिवसांनी मी पडवीत झेपा घेत असताना मागून आवाज आला, "पाय वाकडा पडतुया तुजा."

आत्या दारात उभी होती. दळणं आटोपली होती, पण इंजिन तिनं चालूच ठेवलं होतं. का, ते मला नंतर सुचलं. बंद झालं असतं तर आई-आबांना माझी धडपड ऐकू गेली असती.

"तुला काय माहीत?" मी म्हणाले.

"म्हाईत काय न्हाई. पर झेप घेतीस तवा तू पडाय व्हतीस. परत्येक येळंला. चार दिस बघतीया."

मी तिला सगळं सांगितलं. वस्ताद, मनगट, गवारीची शेंग, सगळं. ती ऐकत होती आणि पदरानं भुवयांवरचं पीठ पुसत होती. मग म्हणाली, "समुर कुनी नसताना नुसतं वाऱ्यासंगं भांडून काय व्हनार? म्या हुबी ऱ्हाते. लागंल आसं मारू नगंस." आणि टोपावर मारायचं ते दांडकं हातात धरून ती माझ्यासमोर उभी राहिली, चवड्यावर, जरा तिरकी, जणू वरून गोण उतरून घ्यायचीय.

मी म्हशीचं शेपूट केलं. टक. दांडकं आडवं आलं होतं. लावणीचा पाऊस केला. टक, टक, टक. मुंडकंतोडीला तर ती नुसती एक पाऊल बाजूला झाली आणि मी कोंड्याच्या ढिगात तोंडावर पडले. तिनं मला उठवलं, नाकातला कोंडा पदरानं काढला, आणि तिला असं हसू आलं की ती खालीच बसली. आत्याला हसताना मी आधी पाहिलं नसेन असं नाही, पण आवाज करून हसताना ती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. तिचा एक दात मागच्या बाजूला पडलेला आहे हेही तेव्हाच कळलं.

मग ते रोजचंच झालं. श्रावण गेला, भाताला लोंबी धरल्या, तांब्या साठावर गेला, मग नव्वदवर. मी दर दिवशी नवा डाव शोधून आणायचे आणि आत्या तो अडवायची. मला वाटायचं, ती नशीबवान आहे. मला वाटायचं, दांडकं आखूड आहे म्हणून तिला सोपं जातं. आपण पंधरा वर्षांचे असतो तेव्हा समोरच्याला काही येतं हे सोडून बाकी सगळी कारणं सुचतात.

भात झोडून झालं आणि मी आबांना विचारलं. ते काही कडक माणूस नव्हते, फक्त कुठल्याही नव्या गोष्टीला आधी नाही म्हणून बघायची त्यांना सवय होती. "तलवार शिकून काय करनार? आन भोरला जानार कशी? चेलाडीला येष्टी बदलायची, परत कापूरव्हळावरनं म्होरं. येकली पोर?"

"म्या जाते तिच्यासंगं," आत्या म्हणाली.

आबांचा घास हातातच राहिला. या घरात आल्यापासून आत्यानं काही मागितल्याचं त्यांना आठवत नसावं. आईनं पटकन भात वाढला आणि म्हणाली, "जाऊ द्या की. तेवढंच हौसाबाईंना बी जरा भाईर." आबांनी बराच वेळ भात कालवला. मग म्हणाले, "रविवारी गिरनीत म्या बसंन मग."

पहिल्या रविवारी फडक्यात नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी बांधून आम्ही निघालो. भोरच्या एस्टी स्टँडवर उतरलो, बाजार ओलांडला, आणि विचारत विचारत वस्तादांच्या दारात पोचलो. पुढं धारेचं चाक, मागे आवार. तिथं सातआठ मुलं आणि ती जत्रेतली मुलगी पाय टाकत होती. वस्तादांच्या बायकोनं, सगळी मुलं त्यांना चाची म्हणत, आत्याला पायरीवर बसवलं आणि गुळाचा चहा दिला. मी माझं रुमणं काढलं. पाच-सहा महिने, बैठका शंभर, तांब्या पुरे शंभर आकडे. मी सगळं करून दाखवलं. शेपूट, पाऊस, मुंडकंतोड, झाडून सगळं. थांबले तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती आणि मला वाटत होतं, आता हे मला खरी तलवार देणार.

वस्ताद उठून जवळ आले. माझी मूठ उघडून बघितली. "मनगट झालं. मांड्या झाल्या. कष्ट केलंस, शाबास. बाकीचं समदं चुकीचं हाय."

"समदं?"

"मूठ आवळलेली, खांदा वर, डावा पाय आडवा. आन तू बघतीस कुठं? सोताच्या तलवारीच्या टोकाकडं. टोक काय पळून जातंय व्हय? म्हैनाभर हे इसरायला लागंल, मग शिकू." ते रागानं बोलले नव्हते. पण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना, आणि ती दोन वेण्यांची मुलगी बघत होती, त्यामुळे आणखी थांबेना. माझं रडणं थांबावं म्हणूनच बहुधा त्यांनी विचारलं, "कुनासंगं खेळत व्हतीस? वार तर समुर कुनी हाय आसं टाकतीस."

मी पायरीकडे बोट दाखवलं.

वस्तादांनी आत्याला नमस्कार केला आणि एक काठी पुढं केली. "या ताई. दाखवा जरा, पोरीला कसं अडवत व्हता."

आत्यानं आधी चाचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कप खाली ठेवून उठली. वस्तादांनी सावकाश एक वार टाकला. टक. दुसरा, जरा जोरात. टक. मग त्यांनी डावीकडे दाखवून उजवीकडून मारला, आणि आत्याची काठी उजवीकडे आधीच येऊन थांबलेली होती. मुलांचे पाय थांबले. वस्ताद मागे सरकले आणि हसायला लागले.

"कुठं शिकलात?"

"न्हाई ओ. कुठं न्हाई."

"मग कळतंय कसं तुमाला, मार कुठनं येनार?"

आत्यानं काठी दोन्ही हातांनी धरली, पदर सारखा केला. "तोंडावर दिसतंय की. भावाच्या घरात ऱ्हाते म्या. कुनाच्या मनात काय हाय, कोन कवा बोलनार, हे आदीच वळकावं लागतंय. म्हंजी मग आपल्याला बोलनं बसत न्हाई."

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही, दळण जाड आहे असं सांगावं तसं बोलली. चाचीनं मान खाली घातली. मी त्या घरातली मुलगी होते. आम्ही काही तिला वाईट वागवत होतो असं मला कधी वाटलं नव्हतं, अजूनही वाटत नाही. पण ते वाक्य ऐकल्यापासून आमचं ओरडून बोलणं, ताटं वाजणं, आबांचं "मीठ दे", हे सगळं तिच्या जागेवरून कसं ऐकू येत असेल, असा विचार मला अधूनमधून येतो, आणि आला की बराच वेळ जात नाही.

"ताई, तुमी बी येत चला," वस्ताद म्हणाले.

"म्या? म्या नुसती सोबतीला."

पण पुढच्या रविवारी वस्तादांनी काठी पुढं केली तेव्हा तिनं नाही म्हटलं नाही. नऊवारीचा कासोटा आवळून ती पाय टाकायला उभी राहिली. मी माझं चुकीचं विसरण्यात महिना घालवला, आणि तिच्याकडे विसरायला काही नव्हतंच. वस्ताद तिला एकदा दाखवत आणि ती करी. मला पाच वेळा दाखवत आणि मी सहाव्यांदाही खांदा वर घेई. ते माझ्यावर कधी चिडले नाहीत, पण तिला शिकवताना त्यांचा चेहरा उजळायचा. भाकरीचं फडकं सोडताना मुलं 'आत्या, आत्या' करत तिच्याभोवती बसायची. माझी आत्या, जिला मी आणलं होतं.

ही गोष्ट मी आजवर घरात कोणाला सांगितली नाही, आता लिहून टाकते. चौथ्या का पाचव्या रविवारी आम्ही घरी आलो. आबा वैतागले होते. दळण जाड आलं म्हणून दोन बायका पीठ परत घेऊन आल्या होत्या आणि "हौसा कुठंय?" असं दिवसभर प्रत्येकानं त्यांना विचारलं होतं. जेवताना त्यांनी मला विचारलं, "मग, किती शिकलीस?" आणि मी म्हणाले, "मला कुठं शिकवतात? वस्ताद आत्यालाच शिकवतात. आत्याच काठी फिरवती तिथं, पोरांच्या समोर, कासोटा मारून."

काय होणार हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी बोलले.

आबांनी ताट सरकवलं. "हे काय हौशे? तू सोबतीला जातीस म्हनून सांगितलंस. चाळिशीची बाई भोरात काठ्या फिरवतीया, मान्सं काय म्हनत्याल? बास झालं. फुडल्या रविवारपासनं कुनी जायचं न्हाई."

आत्या "बरं दादा" म्हणाली आणि माझं उष्टं ताट उचलून घासायला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दळणं आटोपल्यावर ती पडवीत येऊन उभी राहिली. मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच मला बोलावलं. "तुजं तरी मोडू नगं. हितं करू की आपन. वस्तादांनी दाखवलेलं हाय मला ध्येनात." तिनं माझा खांदा दाबून खाली केला, डावा पाय आपल्या पायानं सरळ केला, आणि मला रागावण्यासारखं काही झालंच नाही अशी समोर उभी राहिली. ते मला सोसेना. मी रुमणं टाकलं, गिरणीत गेले आणि इंजिनाच्या आवाजात आबांच्या कानाशी ओरडले, "आबा, मी मुद्दाम सांगितलं! तिला चांगलं येतं म्हणून मला राग आला व्हता!"

आबांनी इंजिन बंद केलं. गिऱ्हाईक नव्हतं, बरं झालं. ते हातावरचं पीठ झटकत मागे पडवीत गेले. आत्या दांडकं पाठीमागे लपवून उभी राहिली, लहान पोरगी चोरी सापडल्यावर राहते तशी.

"चांगलं येतंय म्हनं तुला?"

आत्यानं दांडकं आणखी मागे सारलं.

आबांनी माझं रुमणं उचललं. "दाव बगू."

"दादा, तुज्यावर हात कसा उगारू?"

"तू नगं उगारू. अडव नुसती." आणि त्यांनी रुमणं फिरवलं. ते धिप्पाड होते, तरी वार तसा हलकाच होता. टक. दुसरा घातला. टक. मग आबांना चेव आला. तिसरा खरंच जोरात आला, आणि आत्यानं मनगट असं काही वळवलं की रुमणं आबांच्या हातातून सुटून कोंड्याच्या ढिगात जाऊन उभं रुतलं. आबा आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लहानपनी इटीदांडूत हिला कुनी घ्यायचं न्हाई. घेतलं की आमी हरायचो. मीच सांगायचो सगळ्यांना, पोरगी हाय, घिऊ नगा." हे ते नेहमीसारखंच गावभर ऐकू जाईल असं म्हणाले. आत्या म्हणाली, "इंजान बंद हाय दादा, वरडू नगंस," आणि दोघं भाऊबहीण हसायला लागली ती आई काय झालं म्हणून धावत येईपर्यंत.

रविवारी सकाळी आबांनीच आम्हाला हाक मारली. "उठा, येष्टी चुकंल." चेलाडीच्या फाट्यावर आम्ही दुसऱ्या गाडीची वाट बघत उभ्या होतो. आता तिथं महामार्गावर वाहनं अशी धावतात की रस्ता ओलांडायला मला हात धरायला कोणीतरी लागतं. तेव्हा एक चहाची टपरी आणि चार माणसं. मी आत्याला म्हणाले, "आत्या, त्या दिवशी मी..."

"ठावं हाय."

"आबांनी सांगितलं?"

"त्यानं कशाला सांगाय पायजे? घास हातात घिऊन बसली व्हतीस तवाच दिसलं मला, आता ही बोलनार म्हनून."

"मग मला गप्प का नाही केलंस?"

आत्यानं फडक्यातून भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. "ल्हान हायेस. खा."

त्या वर्षी शेतं पुन्हा हिरवी व्हायच्या आधी वस्तादांनी आम्हाला पहिल्यांदा लोखंड दिलं. त्या रविवारी आबाही आमच्याबरोबर आले होते. गिरणीसाठी पट्टा घ्यायचाय भोरहून, असं ते सांगत होते, आणि आई म्हणत होती, पट्टा तर मागच्याच महिन्यात आणला की. आवारात गोणपाट अंथरून त्यावर वस्तादांनी दोन तलवारी ठेवल्या होत्या, तेल लावलेल्या. मला म्हणाले, घे. मी वाकले, मूठ सैल धरली, खांदा खाली, आणि उचलली. रुमण्यापेक्षा ती किती हलकी! वस्तादांनी मान डोलावली. मला वाटतं मी आयुष्यात इतकी सरळ पुन्हा कधी उभी राहिले नसेन.

मग ते आत्याला म्हणाले, "ताई, तुमी."

आत्या पुढं झाली आणि गोणपाटाशी थांबली. पदराला हात पुसले. पुन्हा पुसले. वाकली नाही. मुलं वाट बघत होती, चाची दारात उभी होती, आणि आत्या त्या तलवारीकडे अशी बघत होती, जणू ती दुसऱ्या कोणाची तरी आहे आणि चुकून इथं ठेवलीय.

आवाराच्या फाटकाशी आबा उभे होते. ते हळू बोलायला गेले असतील, पण जन्म गिरणीत गेलेला. त्यांचा आवाज बाजारापर्यंत पोचला असणार.

"धर की गं हौशे. आता कुनाची वाट बगतीस?"

आत्यानं तलवार उचलली. सावकाश फिरवली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तिच्याभोवती काहीतरी लकाकलं. आबा नकळत दोन पावलं मागे सरकले आणि फाटकावर आपटले. सगळी पोरं हसली, वस्ताद हसले, मीही हसले. आत्या हसली नाही. ती समोर बघत होती.